कोलकात्यातील बस्ती सुधारणा : जीर्ण नगरभागांचे पुनरुज्जीवन आणि वास्तव्याचा हक्क

शहराची वाढ हा नागरीकरणाच्या चर्चेतील नेहमीचा विषय आहे. शहराचे जुने होणे हा विषय मात्र तुलनेने दुर्लक्षित राहतो. इमारतींचे आयुष्य संपते, गटारे व जलवाहिन्या लोकसंख्येच्या भारापुढे अपुऱ्या पडतात, मालक दुरुस्तीवर खर्च करेनासे होतात आणि एकेकाळी नांदता असलेला भाग हळूहळू जीर्ण होतो. अशा नगरभागांचे काय करावयाचे, हा प्रश्न जगातील प्रत्येक मोठ्या शहरापुढे आला आहे. त्याची उत्तरे ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत : वस्ती पाडून रहिवाशांना अन्यत्र हलविणे, वस्ती आहे तेथेच सुधारणे आणि जमिनीच्या वाढीव बांधकामक्षमतेच्या आधारे तिचा संपूर्ण पुनर्विकास करणे.

या तिन्ही मार्गांचा अनुभव भारतातील ज्या शहरांनी घेतला, त्यांत कोलकात्याचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. वस्ती न हटविता सुधारण्याचा मोठा सार्वजनिक कार्यक्रम या शहरात १९७० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. त्याचे यश आणि त्याच्या मर्यादा या दोहोंतून पुढील राष्ट्रीय धोरणासाठी महत्त्वाचे धडे मिळाले. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा, तिच्या कायदेशीर चौकटीचा आणि आजच्या आव्हानांचा आढावा घेतला आहे. नागरी प्रशासन, गृहनिर्माण आणि सामाजिक न्याय हे स्पर्धा परीक्षांतील तीन स्वतंत्र घटक येथे एकत्र येतात, त्यामुळे अभ्यासकांना हा विषय उपयुक्त ठरावा.

बस्ती म्हणजे काय?

बंगालीतील ‘बस्ती’ आणि मराठीतील ‘वस्ती’ हे शब्द एकाच कुळातील आहेत. तथापि, कोलकात्यात ‘बस्ती’ या शब्दाला निश्चित कायदेशीर अर्थ आहे. कोलकाता महानगरपालिका अधिनियम, १९८० नुसार किमान ७०० चौरस मीटर जमिनीवरील, मानवी वास्तव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या झोपड्यांचा वा तत्सम बांधकामांचा समूह म्हणजे बस्ती होय. मुंबईतील झोपडपट्टी बहुतांशी अतिक्रमित जमिनीवर उभी राहिली, असे सामान्यपणे मानले जाते. कोलकात्यातील बस्तीचा उगम मात्र भाडेकरारात आहे.

या व्यवस्थेचे तीन थर होते. सर्वांत वर जमीनमालक. त्याच्याकडून जमीन भाड्याने घेऊन तीवर झोपड्या बांधणारा तो ‘ठिका प्रजा’ अर्थात ठिका कुळ. आपल्याकडील ‘ठेका’ या शब्दाशी या शब्दाचे नाते आहे. आणि सर्वांत खाली, त्या झोपडीतील एखादी खोली भाड्याने घेऊन राहणारा ‘भाडाटिया’ म्हणजे भाडेकरू. गिरण्या, गोदी आणि कारखाने यांत काम करण्यासाठी आलेल्या श्रमिकांना या व्यवस्थेने डोक्यावर छप्पर दिले. परंतु जमीन एकाची, झोपडी दुसऱ्याची आणि वास्तव्य तिसऱ्याचे अशी स्थिती असल्यामुळे सुधारणेवर खर्च करण्याची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही. तिलजला, टांगरा, तोप्सिया, नारकेलडांगा, राजाबाजार, बेलगाछिया या भागांतील बस्त्यांच्या दुरवस्थेचे मूळ बऱ्याच अंशी या त्रिस्तरीय रचनेत आहे.

बस्तीव्यतिरिक्त आणखी दोन प्रकार लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कालव्यांच्या काठी, रेल्वेमार्गालगत वा पदपथावर कोणत्याही कराराविना उभ्या राहिलेल्या वस्त्यांना ‘झुपडी’ म्हटले जाते. तर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी मोकळ्या जमिनींवर वसविलेल्या वसाहती ‘उद्वास्तू कॉलनी’ म्हणून ओळखल्या जातात. दक्षिण कोलकात्यातील बिजयगढ व आझादगढ ही त्यांची ठळक उदाहरणे होत. शासकीय योजनांचा लाभ कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, हे अनेकदा या वर्गीकरणावरच ठरते.

२०११ च्या जनगणनेनुसार कोलकाता महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ४५ लक्ष होती आणि तीपैकी सुमारे १४ लक्ष लोक, म्हणजे जवळजवळ ३१ टक्के, गलिच्छ वस्त्यांत राहत होते. अधिसूचित, मान्यताप्राप्त आणि निर्धारित अशा तीन प्रकारांत या जनगणनेने गलिच्छ वस्त्यांची विभागणी केली होती. किमान ३०० लोकसंख्येची अथवा ६० ते ७० कुटुंबांची, दाट व अनारोग्यकारक परिस्थितीतील वस्ती ही निर्धारित वस्ती मानण्यात आली.

निर्मूलनाचा काळ

नगरसुधारणेच्या पहिल्या प्रयत्नांमागे रोगराईचे भय होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. कोलकात्यातही १८९८ मध्ये प्लेगचा शिरकाव झाला. पुढे कलकत्ता सुधार अधिनियम, १९११ संमत होऊन १९१२ पासून कलकत्ता सुधार न्यासाचे कार्य सुरू झाले. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढणे, हवा व प्रकाश खेळता करणे आणि नवे निवासी भाग विकसित करणे ही न्यासाची कार्यपद्धती होती. आजचा चित्तरंजन अव्हेन्यू आणि दक्षिणेकडील रवींद्र सरोवराचा परिसर ही या न्यासाचीच निर्मिती होय. शहराला त्याचा लाभ झाला, यात शंका नाही. परंतु रस्त्याच्या मार्गात आलेल्या घरांतील गरीब रहिवासी विस्थापित होऊन आधीच दाटलेल्या दुसऱ्या वस्तीत जात आणि तेथील दाटी आणखी वाढे.

या विसंगतीकडे स्कॉटिश नगररचनातज्ज्ञ पॅट्रिक गेडिस यांनी लक्ष वेधले. बडाबाजार या व्यापारी भागाच्या सुधारणेसंबंधीचा त्यांचा अहवाल १९१९ साली प्रसिद्ध झाला. सरसकट पाडापाडीऐवजी अत्यंत जीर्ण तेवढीच घरे काढावीत, लहान मोकळ्या जागा निर्माण कराव्यात आणि वस्तीची मूळ वीण जपावी, असा त्यांच्या विचाराचा गाभा होता. एखादा शल्यविशारद निरोगी भागाला धक्का न लावता केवळ रोगट भाग काढतो, तशी ही पद्धत आहे. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले आणि त्यांच्यानंतर ती धुरा गो. स. घुर्ये यांनी सांभाळली. गेडिस यांचे विचार त्या काळी फारसे अमलात आले नाहीत. तरीही ‘आहे तेथेच सुधारणा’ या आजच्या सर्वमान्य तत्त्वाचे बीज त्यांच्या लेखनात आढळते.

स्वातंत्र्यानंतरही निर्मूलनाचा विचार प्रबळ राहिला. केंद्रशासित प्रदेशांसाठी १९५६ मध्ये गलिच्छ वस्ती (सुधारणा व निर्मूलन) अधिनियम करण्यात आला आणि पश्चिम बंगालने १९५८ मध्ये बस्ती निर्मूलन व रहिवाशांचे पुनर्वसन यांसाठी स्वतंत्र कायदा केला. प्रत्यक्षात लाखो लोकांसाठी पर्यायी घरे बांधण्याइतका निधी उपलब्ध नव्हता, शहरात तेवढी जमीन नव्हती आणि रोजगारापासून दूर जाण्यास रहिवासी तयार नव्हते. त्यामुळे निर्मूलनाची गती अत्यंत मर्यादित राहिली.

हाच विचार त्या काळी अन्यत्रही प्रभावी होता. अमेरिकेत १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याखाली जीर्ण नगरभाग संपादित करून पाडण्यासाठी संघराज्य शासनाने मोठे अनुदान दिले. त्यात विस्थापित झालेल्यांमध्ये कृष्णवर्णीय व गरीब कुटुंबांचे प्रमाण मोठे होते. वाढत्या टीकेनंतर १९७४ मध्ये त्या देशाने हा मार्ग सोडून स्थानिक संस्थांना वस्ती सुधारणेसाठी एकत्रित अनुदान देण्याची पद्धत स्वीकारली. कोलकात्याने दिशा बदलली ती याच सुमारास, किंबहुना थोडी आधी.

सुधारणेकडे वळण

या बदलामागे पुन्हा आरोग्याचाच प्रश्न होता. कॉलऱ्याचा प्रादुर्भाव आणि पाणीपुरवठा व मलनिस्सारणाची दुरवस्था यांकडे १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी लक्ष वेधले. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने १९६१ मध्ये कलकत्ता महानगर नियोजन संघटना स्थापन झाली. फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने या संघटनेने तयार केलेला मूलभूत विकास आराखडा १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व बस्त्या हटविणे नजीकच्या काळात शक्य नाही, म्हणून तेथील आरोग्यविषयक स्थिती तातडीने सुधारावी, ही त्यातील भूमिका निर्णायक ठरली.

१९७० मध्ये राष्ट्रपती राजवटीच्या काळात कलकत्ता महानगर विकास प्राधिकरणाची स्थापना झाली आणि १९७१ पासून बस्ती सुधारणा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबविण्यास प्रारंभ झाला. १९७३ पासून महानगराच्या विकासकार्याला जागतिक बँकेचेही साहाय्य मिळाले. बस्तीतील झोपड्यांना हात न लावता तिच्या सामाईक सुविधा सुधारणे, हे या कार्यक्रमाचे सूत्र होते. टोपलीच्या संडासांचे रूपांतर स्वच्छ शौचालयांत करणे, नळकोंडाळी बसविणे, उघडी गटारे बांधून काढणे, गल्ल्यांना फरसबंदी करणे आणि पथदिवे लावणे ही त्यातील प्रमुख कामे होती.

यांपैकी पहिले काम विशेष महत्त्वाचे होते. टोपलीचा संडास असणे म्हणजे मैला डोक्यावरून वाहणारा माणूस असणे. या अमानुष प्रथेविरुद्ध देशात १९९३ आणि २०१३ मध्ये कायदे झाले. परंतु असा कायदा अमलात येण्यासाठी पर्यायी शौचालयाची भौतिक व्यवस्था उभी असावी लागते. ती उभी करण्याचे काम बस्ती सुधारणेने केले.

कोलकात्यातील कार्यक्रम सुरू झाल्यानंतर १९७२ मध्ये केंद्र शासनाने नागरी गलिच्छ वस्त्यांच्या पर्यावरण सुधारणेची योजना सुरू केली. दर १५० व्यक्तींमागे एक नळ, दर २० ते ५० व्यक्तींमागे एक शौचालय व एक स्नानगृह, तसेच ३० मीटर अंतरावर पथदिव्याचा खांब असे तिचे निकष होते. १९७४ मध्ये ही योजना राज्यांकडे सोपविण्यात येऊन किमान गरजा कार्यक्रमाचा भाग बनली.

या धोरणाचे गुण स्पष्ट होते. दरडोई खर्च अल्प होता, कोणाचेही घर जात नव्हते आणि कामाचे ठिकाण दुरावत नव्हते. मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. खोलीतील दाटी कमी झाली नाही, घराचा दर्जा बदलला नाही आणि बांधून झालेल्या नळांची व शौचालयांची देखभाल कोणी करावयाची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. बांधणारे प्राधिकरण वेगळे आणि सांभाळणारी महानगरपालिका वेगळी, अशी विभागणी झाली की उभारलेल्या सुविधा लवकर निकामी होतात, हा या कार्यक्रमाचा सार्वत्रिक उपयोगाचा धडा होय.

जमिनीचा प्रश्न : ठिका कायद्याची वाटचाल

सुविधा सुधारल्या की भाडे वाढते आणि भाडे वाढले की गरीब भाडेकरूला जागा सोडावी लागते, असा सर्वत्र अनुभव आहे. त्यामुळे सुधारणेबरोबर वास्तव्याची हमी मिळणे आवश्यक असते. कोलकात्यात हा प्रश्न ठिका कुळांच्या कायद्याशी निगडित आहे.

१९४९ च्या कलकत्ता ठिका कुळवहिवाट अधिनियमाने ठिका कुळाला जमीनमालकाकडून होणाऱ्या निष्कासनापासून काही संरक्षण दिले. परंतु पक्के बांधकाम करण्याची मुभा नसल्याने बस्त्या कच्च्या राहिल्या. १९८१ च्या कायद्याने मूलगामी बदल घडविला. ठिका जमिनी राज्य शासनाकडे निहित झाल्या आणि ठिका कुळ हे थेट शासनाचे कूळ बनले. त्रिस्तरीय रचनेतील सर्वांत वरचा थर, म्हणजे खासगी जमीनमालक, त्यामुळे दूर झाला. त्याची जागा घेणाऱ्या २००१ च्या कायद्याने मंजूर आराखड्यानुसार पक्के बांधकाम करण्याचा मार्ग खुला केला आणि भाडाटियांची भाडेवहिवाट राज्याच्या सर्वसाधारण भाडे कायद्याच्या कक्षेत आणली. २०१९ च्या दुरुस्तीने ठिका कुळाला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याकडे जाण्याची वाट मोकळी केली.

या सुधारणांचे महत्त्व मोठे असले, तरी त्यांतून लाभाची असमान वाटणी होण्याचा धोका उरतो. झोपडीचा मालक असलेल्या ठिका कुळाचे स्थान बळकट झाले. खोलीत प्रत्यक्ष राहणारा भाडाटिया मात्र भाडेकरूच राहिला. पक्क्या बहुमजली बांधकामाला वाव मिळताच जमिनीची किंमत वाढते आणि जुन्या भाडेकरूला बाहेर काढण्याचा मोह निर्माण होतो. त्याचे संरक्षण कागदावर असून चालत नाही. पुनर्बांधणीच्या आराखड्यात त्याच्या नावाची खोली असावी लागते.

अनियंत्रित बांधकामाचा धोका त्याहून भीषण आहे. मार्च २०२४ मध्ये गार्डन रीच भागात बांधकाम सुरू असलेली एक अनधिकृत बहुमजली इमारत शेजारच्या झोपड्यांवर कोसळून दहापेक्षा अधिक जणांचा मृत्यू झाला. जुनी घरे पडून माणसे मरतात, तशीच नियम डावलून उभी राहणारी नवी घरेही जीव घेतात. पुनरुज्जीवनाच्या कोणत्याही कार्यक्रमात बांधकाम परवाना व तपासणी यंत्रणा सक्षम असणे का अनिवार्य आहे, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

उत्तर कोलकात्यातील जीर्ण इमारती

बस्ती हे जीर्णतेचे एक रूप झाले. उत्तर व मध्य कोलकात्यातील जुन्या हवेल्या आणि भाड्याच्या इमारती हे दुसरे रूप आहे. पुण्यातील जुने वाडे अथवा मुंबईतील चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही समस्या परिचित वाटेल. तिची कारणे प्रामुख्याने तीन आहेत.

पहिले कारण गोठलेले भाडे. पश्चिम बंगाल जागा भाडेवहिवाट अधिनियम, १९५६ ने भाडेकरूंना संरक्षण दिले. त्याची जागा घेणारा १९९७ चा कायदा २००१ मध्ये अमलात आला. दीर्घकाळ अत्यल्प राहिलेल्या भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघत नाही, त्यामुळे मालक उदासीन राहतो. मुंबईतील पागडीप्रमाणे तेथे ‘सेलामी’ देऊन जागा घेण्याची प्रथा आहे. त्यामुळे भाडेकरूचीही रक्कम जागेत गुंतलेली असते. दुसरे कारण सहमालकांचे वाद. महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबांना परंपरेने मिताक्षरा पद्धती लागू होती, तर बंगालमध्ये दायभाग पद्धती होती. तीत वारसांचे हिस्से निश्चित असले, तरी पिढ्यानुपिढ्या त्यांची संख्या वाढत गेली आणि एका इमारतीचे अनेक मालक झाले. कित्येक वास्तू कुलदेवतेच्या नावे ‘देवोत्तर’ मालमत्ता म्हणून ठेवलेल्या आहेत. त्यांच्या विक्रीवर वा पुनर्विकासावर निर्बंध असतात. तिसरे कारण भीती. इमारत रिकामी केली तर परत जागा मिळेल याची खात्री नसल्यामुळे भाडेकरू धोका पत्करून तेथेच राहतो.

महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४११ नुसार धोकादायक इमारतीच्या मालकाला ती दुरुस्त करण्याचा वा पाडण्याचा आदेश देता येतो आणि इमारतीवर तसा फलक लावला जातो. परंतु फलक लावल्याने भिंत सावरत नाही. दरवर्षी पावसाळ्यात जुन्या इमारतींचे भाग कोसळण्याच्या घटना घडत राहिल्या. त्यामुळे २०१० नंतरच्या दशकात कायद्यात कलम ४१२-अ समाविष्ट करण्यात आले. वास्तव्यास अयोग्य ठरलेल्या इमारतीची पुनर्बांधणी करण्याची संधी प्रथम मालकाला द्यावी, त्यासाठी वाढीव चटईक्षेत्राचे प्रोत्साहन असावे, भाडेकरूंचे पुनर्वसन बंधनकारक असावे आणि मालक पुढे न आल्यास अन्य मार्गाने पुनर्बांधणी व्हावी, असा त्यामागील विचार आहे. येथेही कळीचा मुद्दा तोच आहे. भाडेकरूच्या हाती त्याच्या जागेचे क्षेत्रफळ व परतीचा हक्क नोंदविणारा अधिकृत दस्तऐवज असेल, तरच तो वेळेवर इमारत सोडील.

सार्वजनिक मालकीच्या जीर्ण वास्तूंबाबत तुलनेने समाधानकारक चित्र दिसते. जुन्या डलहौसी चौकाचा, म्हणजे आजच्या बिनय-बादल-दिनेश बागेचा परिसर २००४ व २००६ मध्ये जागतिक स्मारक निधीच्या धोक्यातील वारसास्थळांच्या सूचीत होता. तेथील करन्सी बिल्डिंग ही एकेकाळी पाडली जाऊ लागलेली इमारत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जतन केली आणि जानेवारी २०२० मध्ये ती सांस्कृतिक केंद्र म्हणून खुली झाली. मालक एकच आणि निधी निश्चित असेल तर पुनरुज्जीवन किती सुकर होते, याचे हे उदाहरण आहे. खासगी इमारतींबाबत नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

राष्ट्रीय योजनांचा प्रवाह

३ डिसेंबर २००५ रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात कोलकात्याचा समावेश होता. त्यातील नागरी गरिबांसाठी मूलभूत सेवा या घटकाखाली ४० लक्षांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना केंद्राकडून ५० टक्के साहाय्य मिळत असे. वास्तव्याची हमी, परवडणारे घर, पाणी, स्वच्छता, आरोग्य, शिक्षण आणि सामाजिक सुरक्षा अशी सप्तसूत्री त्यात होती. लाभार्थ्याने घराच्या खर्चाचा किमान १२ टक्के वाटा उचलावा, अनुसूचित जाती-जमाती व अन्य दुर्बल घटकांसाठी तो १० टक्के असावा, असा नियम होता.

या काळात कालव्यांच्या काठावरील अनेक कुटुंबे पूर्व सीमेवरील नोनाडांगासारख्या ठिकाणी बांधलेल्या सदनिकांत हलविण्यात आली. पुराचा व रोगराईचा धोका टळला, परंतु घरकाम, फेरीविक्री वा हमाली करणाऱ्यांसाठी कामाचे ठिकाण दुरावले. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या १९८५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले होते. पुनर्वसनाचे स्थळ निवडताना या तत्त्वाचे स्मरण ठेवणे आवश्यक ठरते.

२५ जून २०१५ रोजी प्रधानमंत्री आवास योजना (नागरी) सुरू झाली. जमिनीचा संसाधन म्हणून वापर करून वस्तीचा जागेवरच पुनर्विकास, व्याज अनुदान, भागीदारीतून परवडणारी घरे आणि लाभार्थ्याने स्वतः बांधावयाचे घर असे तिचे चार घटक होते. १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा घटक समाविष्ट झाला, तर वस्तीच्या जागेवरच पुनर्विकासाचा स्वतंत्र घटक राहिला नाही. स्वतः घर बांधण्यासाठीच्या साहाय्याला जमिनीवरील हक्काचा पुरावा लागतो. जमीन शासनाची, घर ठिका कुळाचे आणि खोली भाडाटियाची अशी स्थिती असलेल्या बस्तीत हा पुरावा कोणी द्यावयाचा, ही अडचण निर्माण होते. त्यामुळे भाड्याच्या घरांचा घटक कोलकात्यासारख्या शहरात विशेष उपयुक्त ठरू शकतो.

मुंबई आणि कोलकाता : दोन प्रतिमाने

मुंबईने जीर्ण इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर आकारून दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन केले. पुढे ते म्हाडाचा भाग बनले. झोपडपट्ट्यांसाठी १९७१ चा महाराष्ट्र गलिच्छ वस्ती अधिनियम आणि १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण अशी चौकट उभी राहिली. विकासकाने पात्र रहिवाशांना मोफत सदनिका द्यावी आणि वाढीव चटईक्षेत्रातून बांधलेल्या घरांच्या विक्रीतून खर्च भरून काढावा, हे तिचे सूत्र होय. रहिवाशांच्या संमतीची अट प्रारंभी ७० टक्के होती, पुढे ती ५१ टक्के करण्यात आली.

मुंबईच्या प्रतिमानात शासनाचा प्रत्यक्ष खर्च कमी आणि मिळणारे घर पक्के असते. परंतु ते जमिनीच्या उच्च किमतीवर अवलंबून असते. बाजार मंदावला की प्रकल्प रखडतो आणि रहिवासी वर्षानुवर्षे संक्रमण शिबिरात राहतात. कोलकात्याच्या प्रतिमानात सर्वांपर्यंत थोड्या सुविधा लवकर पोहोचतात आणि विस्थापन टळते. परंतु घराचा दर्जा फारसा सुधारत नाही. एकाचे बळ ते दुसऱ्याचे न्यून आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येनुसार पाणी, स्वच्छता, पुरेशी जागा, टिकाऊ बांधकाम आणि वास्तव्याची हमी यांपैकी एकाचाही अभाव असलेले कुटुंब गलिच्छ वस्तीतील मानले जाते. या कसोटीवर पाहता कोलकात्याच्या कार्यक्रमाने पहिल्या दोन बाबी साधल्या, मुंबईचे प्रतिमान नंतरच्या तिन्हींवर भर देते. शाश्वत विकास ध्येय क्रमांक ११ गाठण्यासाठी पाचही बाबी एकत्र साधाव्या लागतील.

स्थानिक संस्थांची भूमिका

१ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय समाविष्ट केले. गलिच्छ वस्त्यांची सुधारणा व दर्जावाढ हा त्यांपैकी एक आहे. तीन लक्ष वा अधिक लोकसंख्येच्या नगरपालिका क्षेत्रात अनुच्छेद २४३-एस नुसार प्रभाग समित्या, तर दहा लक्ष वा अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रात अनुच्छेद २४३-झेडई नुसार महानगर नियोजन समिती अपेक्षित आहे. पश्चिम बंगालने यासाठी १९९४ मध्ये कायदा केला आणि कोलकाता महानगर नियोजन समिती २००१ मध्ये गठित झाली. या समितीच्या किमान दोनतृतीयांश सदस्यांची निवड स्थानिक संस्थांच्या लोकप्रतिनिधींमधून व्हावी लागते.

कोलकाता महानगरपालिकेचे १४४ प्रभाग १६ बरोंमध्ये विभागलेले आहेत. बस्तीतील कोणता नळ बंद आहे, कोणत्या इमारतीची भिंत झुकली आहे आणि कोणत्या खोलीत कोण कधीपासून राहतो, ही माहिती प्रभागाच्या पातळीवरच अचूकपणे मिळू शकते. पुनरुज्जीवनाचा आराखडा कितीही उत्तम असला, तरी रहिवाशांची अशी नोंद नसेल तर लाभ चुकीच्या हाती जातो.

समारोप

कोलकात्याच्या शंभर वर्षांहून अधिक काळच्या अनुभवातून चार निष्कर्ष निघतात. एक, केवळ पाडापाडीने जीर्णता नाहीशी होत नाही, ती शेजारच्या वस्तीत सरकते. दोन, सामाईक सुविधांची उभारणी आणि देखभाल यांची जबाबदारी एकाच स्थानिक यंत्रणेवर असावी. तीन, जमिनीच्या हक्कांचा गुंता सोडविल्याशिवाय घराच्या योजना मूळ धरत नाहीत आणि हा गुंता सोडविताना सर्वांत खालच्या थरातील भाडेकरूचा विचार प्रथम करावा लागतो. चार, धोकादायक इमारत रिकामी करून घ्यावयाची असेल तर परतीची लेखी हमी आधी द्यावी लागते.

नगरभागाच्या पुनरुज्जीवनाचे मोजमाप नव्या इमारतींच्या उंचीवरून सहज करता येते. त्याहून कठीण, पण अधिक विश्वासार्ह कसोटी वेगळी आहे. काम पूर्ण झाल्यानंतर त्या वस्तीत मूळ रहिवाशांपैकी किती कुटुंबे राहत आहेत, हे मोजले पाहिजे. ही संख्या प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात नोंदविण्याची पद्धत पडली, तर सार्वजनिक निधीचा लाभ नेमका कोणाला झाला, हे नागरिकांना आणि धोरणकर्त्यांना स्पष्टपणे समजू शकेल.